झुडपी बेडूक आणि समदृष्टी

पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुक या गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. रोह्यात १९ ऑक्टोबर १९२० रोजी पांडुरंगशास्त्री आठवले जन्मले. दोघांची वाट पुढे अगदी वेगळी झाली. एकाने जमिनीचे दान मागत देश पायी तुडवला, तर दुसऱ्याने घरोघरी भक्तिफेऱ्या नेऊन स्वाध्यायाचे कार्य उभे केले. आधार मात्र दोघांनीही गीतेचाच घेतला, आणि सर्व भूतांत एकच परमेश्वर वसतो हे दोघांच्याही शिकवणीचे मूळ होते. विनोबांनी तर गीतेच्या एकंदर शिकवणीला साम्ययोग असेच नाव दिले. पाचव्या अध्यायात विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि चांडाळ यांच्याकडे ज्ञानी माणूस सारख्याच नजरेने पाहतो असे म्हटले आहे, आणि तेथून एक जुना प्रश्न उभा राहतो. सारख्या नजरेने पाहायचे म्हणजे फरक पाहायचाच नाही काय? हा जीव कोणत्या जातीचा, तो त्याच्यासारख्याच दुसऱ्यापासून कशाने वेगळा, याची बारकाईने छाननी करणे ही साधनेत अडथळा आणणारी गोष्ट आहे, की साधनेचाच भाग आहे? माझे मत असे की भेदाचे नेमके ज्ञान नसेल तर समदृष्टी ही केवळ एक सुखद भावना उरते, तिच्यातून कोणत्याच जीवाला अभय मिळत नाही. हे सिद्ध करायला मी साक्षीदार घेतो तो पेण-रोह्याच्या पूर्वेला उभ्या असलेल्या सह्याद्रीतला, अंगठ्याच्या पेराएवढा एक बेडूक.

कोकणातल्या घरांना झाडावरचा बेडूक अनोळखी नाही. न्हाणीघराच्या भिंतीला, माठामागे, कौलांखाली चिकटून बसणारा, तपकिरी-पिवळट, मांड्यांच्या आतल्या बाजूला पिवळे ठिपके असणारा जो बेडूक उन्हाळ्यात माणसांच्या घरात आसऱ्याला येतो, त्याचे शास्त्रीय नाव पॉलिपीडेट्स मॅक्युलॅटस. पावसाळा लागला की त्याची मादी पाण्यावर ओणवलेल्या पानांवर किंवा हौदाच्या भिंतीवर अंगातला स्राव मागच्या पायांनी घुसळून पांढऱ्या फेसाचे घरटे करते. फेसाचा वरचा थर सुकून अंड्यांवर पापुद्रा धरतो, आतला ओला राहतो, आणि काही दिवसांनी शेपटीची पोहणारी पिल्ले त्यातून खालच्या पाण्यात टपाटप पडतात. त्याच कुलातला, पण आकाराने त्याच्या निम्म्याहून लहान असा दुसरा गट झुडपी बेडकांचा. याची वाढ जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर होते. कारवीच्या, करवंदीच्या, बांबूच्या आसपास कमरेएवढ्या उंचीवर तो बसतो. नर घशाची पिशवी फुगवून संध्याकाळपासून टिक-टिक असा बारीक, कोरडा आवाज करतो, आणि पावसाच्या रात्री तो आवाज सगळीकडून येत असला तरी प्राणी हाती लागत नाही. मात्र याची सर्वांत मोठी गोष्ट दिसण्यात नाही. याची मादी अंडी पाण्यात घालीत नाही आणि पाण्यावरही घालीत नाही. ती ओलसर पानावर, पालापाचोळ्यात, काही जातींत बांबूच्या पोकळीत, मोजकी आणि भरपूर बलक असलेली अंडी ठेवते. शेपटीचे पोहणारे पिल्लू बाहेर येतच नाही. ती सगळी अवस्था अंड्याच्या आवरणातच पार पडते आणि शेवटी आवरण फोडून बाहेर येतो तो चार पायांचा, माशीएवढा, पुरा बेडूक. या जीवाच्या आयुष्यात तळे, ओढा, विहीर यांना जागाच नाही.

आता समजा, एका माणसाला सर्व बेडकांबद्दल सारखेच प्रेम आहे आणि बेडूक हा एकच प्राणी आहे अशी त्याची मनापासून समजूत आहे. तो बेडकांसाठी काय करील? तो गावतळ्यातला गाळ काढील, पाणी दूषित होऊ देणार नाही, विहिरीत कीटकनाशकाचे डबे धुऊ देणार नाही. हे सगळे चांगले आहे, आणि भातखाचरातल्या मोठ्या बेडकाला त्याचा खरोखर उपयोग होईल. पण तोच माणूस तळ्याकाठची झुडपे अस्वच्छता म्हणून काढून टाकील, डोंगरउतारावरचा पाचोळा राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी, खरवडून नेण्यात त्याला काही वावगे वाटणार नाही, आणि उन्हाळ्यात गवताला लागलेला वणवा पाण्यापासून लांब आहे म्हणून तो निश्चिंत राहील. झुडपी बेडूक कोरडे महिने काढतो तो ज्या पाचोळ्याच्या, सालींच्या, मुळांच्या ओलाव्यात, तोच त्याने जाळू दिलेला असेल. द्वेष कुठेच नव्हता, क्रौर्य नव्हते, उलट करुणा होती. मरण आले ते केवळ दोन वेगळ्या जीवांना एक समजल्यामुळे. सारखे प्रेम पोचवायचे असेल तर प्रत्येकाच्या दारापर्यंत जावे लागते, आणि कोणाचे दार कुठे आहे हे ठाऊक नसलेल्याचे प्रेम रस्त्यातच राहते. वर्गीकरणाचे काम म्हणजे हीच दारे शोधण्याचे काम आहे असे मी समजतो.

आपल्या परंपरेला बेडूक नवा नाही. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातल्या मंडूकसूक्तात पावसाच्या आगमनाने वाचा फुटलेल्या बेडकांची तुलना व्रतस्थ ब्राह्मणांशी केली आहे, आणि त्या ऋषीच्या कानाला व डोळ्याला हेही जाणवले आहे की या सगळ्यांना एकच नाव असले तरी कोणाचा आवाज गाईसारखा तर कोणाचा बोकडासारखा, कोणी ठिपक्यांचा तर कोणी हिरवा. इतक्या प्राचीन काळी झालेले हे निरीक्षण मला फार मोलाचे वाटते. नंतर मात्र बेडकाची निराळीच प्रतिमा रूढ झाली. कमळाच्या शेजारी राहून मकरंद न कळणारा बेडूक ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात येतो, आणि विहिरीतला बेडूक, कूपमंडूक, तर रोजच्या बोलण्यात आहे. दृष्टान्त म्हणून त्यांत दोष काही नाही, त्यांचा रोख माणसावर आहे. पण त्यांच्यामुळे बेडूक म्हटले की पाणी आणि चिखल ही गाठ मनात इतकी घट्ट बसली की शाळेच्या पुस्तकातली उभयचरांची व्याख्याही तिच्यावरच उभी राहते: बालपण पाण्यात, मोठेपण जमिनीवर. न्यायशास्त्राने लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत. लक्ष्याचा काही भाग बाहेर राहिला तर अव्याप्ती, लक्ष्याबाहेरचे आत आले तर अतिव्याप्ती, आणि कोणालाच लागू पडले नाही तर असंभव. वरची व्याख्या झुडपी बेडकाच्या बाबतीत सरळ अव्याप्त आहे. आपल्या तर्कशास्त्राने हजारभर वर्षे ज्या काटेकोरपणाचा आग्रह धरला, तोच आग्रह सह्याद्रीच्या पाचोळ्यात धरला तर पहिल्याच पावलाला एक चूक सापडते, आणि ती सुधारल्यावर एका जीवाचे घर दिसू लागते.

यावर पहिला आक्षेप तत्त्वज्ञानाकडून येतो आणि तो वजनदार आहे. जाती ही वस्तूत असते की आपल्या बुद्धीत? नैयायिक आणि वैशेषिक म्हणाले की सामान्य ही खरी, नित्य, एक असून अनेकांत राहणारी गोष्ट आहे. दिङ्नाग आणि धर्मकीर्ती यांनी उलट बाजू मांडली. खरी आहे ती क्षणोक्षणी बदलणारी एकेक व्यक्ती, आणि गाय या शब्दाने आपण फक्त गाय नसलेल्या सर्वांना वगळतो. या बौद्ध मताला बेडकांच्या नावांचा इतिहास वरवर पाहता चांगला पुरावा देतो. नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी १९१९ मध्ये त्या वेळच्या मुंबई इलाख्यातल्या कॅसल रॉकहून एका छोट्या बेडकाचे वर्णन केले तेव्हा त्याला इक्झॅलस बॉम्बेयेन्सिस म्हटले. पुढे तो फिलॉटस या प्रजातीत गेला. २०१० मध्ये एस. डी. बिजू, योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीतल्या या झुडपी बेडकांसाठी राओर्चेस्टिस ही नवी प्रजाती स्थापली आणि तो तिच्यात आला. बेडूक तोच, झुडूप तेच, आणि शंभर वर्षांत तीन पत्ते. मग हे भेद माणसाने कागदावर ओढलेल्या रेघा आहेत, त्यांच्या नादी लागून परमार्थ कसा साधेल, असे कोणी विचारले तर ते अगदीच चूक नाही.

तरीही उत्तर आहे, आणि ते बेडकीच्या कानात आहे. एकाच ओल्या उतारावर तीन-चार जातींचे नर एकाच रात्री ओरडत असतात. प्रत्येकाच्या आवाजाची पट्टी, ठेका, दोन ठोक्यांमधले अंतर वेगळे असते. मादी त्या गदारोळातून आपल्याच जातीच्या हाकेकडे जाते. तिला अ‍ॅनंडेल ठाऊक नाही, लॅटिन नाव ठाऊक नाही, आणि कागदावरची रेघ पुसली तरी ती चुकीच्या नराकडे वळणार नाही. भेद इथे माणसाने लादलेला नाही. तो त्या जीवांच्या आपापसातल्या वागण्यात रोज रात्री नव्याने पाळला जातो, आणि पुढची पिढी त्यावर उभी राहते. नावे बदलली हे खरे, पण ती का बदलली ते पाहिले पाहिजे. इक्झॅलस किंवा फिलॉटस ही नावे बदलताना बॉम्बेयेन्सिस ही जाती पुसली गेली नाही. बदलला तो तिचे नातलग कोण याविषयीचा अंदाज, आणि तो हाडे, आवाज, अंड्यांची वाढ व डीएनए यांचा पुरावा हाती आला तसा बदलला. पुराव्याने बदलणारे मत मनमानी नसते. पुण्याच्या आनंद पाध्ये, अनुश्री जाधव व नीलेश डहाणूकर यांनी अमित सय्यद यांच्यासोबत २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या सह्याद्रीतून राओर्चेस्टिस घाटेई ही जाती वर्णिली आणि तिला प्राणिशास्त्रज्ञ हेमंत घाटे यांचे नाव दिले. २०१३ पूर्वी तिला नाव नव्हते, पण तिची हाक होती आणि त्या हाकेला येणारी मादीही होती.

नैयायिकांचे म्हणणे तरी मग जसेच्या तसे टिकते काय? टिकत नाही, आणि गंमत अशी की ते कुठे टिकत नाही हे दाखवायचे हत्यार त्यांच्याच एका श्रेष्ठ आचार्याने घडवून ठेवले आहे. उदयनाचार्यांनी जातीला बाधक अशा सहा गोष्टी सांगितल्या, त्यांत एक संकर. दोन धर्म एकमेकांना काही ठिकाणी छेदतात आणि काही ठिकाणी स्वतंत्र राहतात, तर ते दोन्ही खऱ्या जाती असू शकत नाहीत. त्या केवळ उपाधी, म्हणजे बाहेरून चिकटलेल्या खुणा. आता झाडावरच्या बेडकाकडे पाहा. बोटांच्या टोकांना गोल चकत्या, शेवटच्या दोन हाडांमध्ये कूर्चेचा एक जादा तुकडा, सडपातळ कंबर, लांब पाय. ही लक्षणे कोकणातल्या झाडबेडकाला आहेत तशीच युरोप-अमेरिकेतल्या हायला गटातल्या बेडकांनाही आहेत. म्हणून तर जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८३० साली आपल्या घरात येणाऱ्या त्या ठिपक्यांच्या बेडकाचे नाव हायला मॅक्युलॅटा असे ठेवले. वंशाचा शोध लागल्यावर चित्र उलटे झाले. आपला झाडबेडूक हा भातखाचरातल्या डराव-डराव करणाऱ्या बेडकाचा जवळचा भाऊ, आणि युरोपातला झाडबेडूक हा खरखरीत कातडीच्या भेकाच्या बाजूचा. झाडावर राहण्याची गरज दोन वेगळ्या घराण्यांत वेगवेगळी उद्भवली आणि तिने दोघांना सारखे अवयव दिले. झाडबेडूकपणा ही उदयनांच्या भाषेत उपाधी ठरते. दिसणाऱ्या सारखेपणावरून एकत्व ठरवणारा फसतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण अध्यात्मातही पुष्कळ वेळा आपण सारखेपणालाच एकत्व समजतो.

राहिले नित्यत्व. बेडकांची जाती नित्य नाही. राओर्चेस्टिसच्या आज सत्तरच्या आसपास जाती ओळखल्या गेल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक सह्याद्रीतल्या. एस. पी. विजयकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एकदम नऊ नव्या जातींचे वर्णन केले, आणि दोन वर्षांनी त्याच बेडकांच्या आधारे दाखवले की डोंगरांची उंची, मधल्या खिंडी आणि प्राचीन काळचे हवामानातले चढउतार यांनी मिळून हे घराणे फांद्याफांद्यांनी वाढवले. पालघाटसारखी रुंद, सखल खिंड मधे आली की थंड, ओल्या डोंगरावरचा एवढासा बेडूक पलीकडे जाऊ शकत नाही. दोन्हीकडच्या हाका हळूहळू वेगळ्या होतात आणि शेवटी एकाची हाक दुसऱ्याला ऐकू आली तरी आपली वाटत नाही. म्हणजे जाती ही खरी आहे, पण आकाशात ठेवलेल्या साच्यासारखी नव्हे. ती एका घराण्याची कहाणी आहे. तिला सुरुवात आहे, कुठे तरी शेवट असेल. बौद्धांचे अनित्यत्व आणि नैयायिकांचे वस्तुनिष्ठत्व या दोहोंतला खरा अंश या छोट्या प्राण्यात एकत्र नांदतो, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

दुसरा आक्षेप खुद्द गीतेतून येतो. अठराव्या अध्यायात ज्ञानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. विभागलेल्या सर्व भूतांत जे एकच अविभक्त तत्त्व पाहते ते सात्त्विक. सर्व भूतांत वेगवेगळे भाव वेगवेगळेपणाने पाहते ते राजस. आणि एकाच तुकड्याला सर्वस्व समजून, कारण न शोधता त्याला चिकटते ते तामस. या मोजमापाने सत्तर बेडकांच्या सत्तर जाती मोजणारा माणूस राजस ज्ञानातच रुतला, असे म्हणता येईल. अठराव्या शतकात लिनियस यांनी ज्या भूमिकेवरून सृष्टीची मांडणी केली, प्रत्येक जाती जणू स्वतंत्रपणे घडवलेली आणि दुसरीशी रक्ताचे नाते नसलेली, तिला हा आक्षेप लागू पडतो. डार्विननंतर वर्गीकरणाचा अर्थच पालटला. आज दोन बेडकांना एका प्रजातीत ठेवणे म्हणजे त्यांचा पूर्वज एक होता असे विधान करणे; दोन कुलांना एका गणात ठेवणे म्हणजे आणखी मागच्या पूर्वजाकडे बोट दाखवणे. भेद जितका बारीक पाहावा तितके नाते अधिक नेमके उलगडते, आणि ती वाट मागे मागे नेली की ती बेडकावर थांबत नाही, माणसापर्यंत आणि करवंदीच्या जाळीपर्यंत पोचते. विभक्तांत अविभक्त पाहण्याची इतकी तपशीलवार रीत दुसरी नाही. तामस ज्ञानाचे वर्णनही इथे उपयोगी पडते: बोटाची चकती एवढा एकच तुकडा धरून सगळ्या झाडबेडकांना एक ठरवणे हे त्याचेच उदाहरण.

एक खबरदारी इथेच घेतली पाहिजे. समान पूर्वज आणि सर्वांभूती आत्मा या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिली डीएनएच्या पुराव्याने सिद्ध होते आणि उद्या एखाद्या फांदीपुरती खोटीही ठरू शकते. दुसरी तशा पुराव्याने सिद्ध होत नाही आणि बाधितही होत नाही. विज्ञानाने गीतेवर शिक्का मारला, असा जो उत्साह अलीकडे दिसतो तो दोघांनाही कमीपणा आणणारा आहे. माझे म्हणणे तेवढे मोठे नाही. भेद बारकाईने पाहणारी बुद्धी एकत्वाच्या विरुद्ध दिशेला जाते ही समजूत चुकीची आहे, एवढेच बेडकांच्या वर्गीकरणावरून दिसते. एकत्वाचा अनुभव घ्यायचा की नाही, आणि कसा, हा साधकाचा प्रश्न राहतो.

त्या साधनेबद्दल विनोबांनी जे सांगितले ते मला या विषयाच्या अगदी जवळचे वाटते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दिलेली आणि साने गुरुजींनी लिहून घेतलेली गीता प्रवचने घराघरात आहेत. दहाव्या अध्यायावर बोलताना त्यांनी विभूतियोगाला मूल अक्षर शिकते त्याची उपमा दिली. आधी ठळक, मोठी अक्षरे. ती ओळखता आली की तीच अक्षरे बारीक. आधी सुटी, मग जोडाक्षरे. समुद्र, हिमालय, आई, संत ही परमेश्वराची मोठी अक्षरे. ही उपमा पुढे चालवली तर अंगठ्याच्या पेराएवढा बेडूक हे फार बारीक अक्षर ठरेल, आणि बारीक टंक वाचणाऱ्याने दोन अक्षरांतला फरक पाहिलाच पाहिजे, नाही तर तो वाचतो आहे असे म्हणता येणार नाही. विनोबांनी बेडकांबद्दल हे म्हटले नाही. हा विस्तार माझा आहे. पण साधकाने स्थूलाकडून सूक्ष्माकडे जावे हा क्रम त्यांचाच. स्वाध्याय परिवाराच्या वृक्षमंदिरांतही झाडाला देव मानून त्याची निगा राखतात, तेव्हा आंब्याला आंब्याइतके आणि चिकूला चिकूइतके पाणी द्यावे लागते. भक्ती तपशिलातून सुटत नाही हे त्या बागांत काम करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

तिसरा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. जाती खरी आहे, ती निसर्गात आहे, असे एकदा म्हटले की महाराष्ट्रात तरी कोणाच्याही मनात माणसांच्या जातीचा विचार आल्याशिवाय राहणार नाही. तो यायलाच हवा. जुन्या तत्त्वज्ञांपैकी काहींनी ब्राह्मणत्वालाही गोत्वासारखी नैसर्गिक जाती ठरवण्याचा प्रयत्न केला होता, आणि त्याचे परिणाम या भूमीने भोगले आहेत. पण बेडकांवरून जो निकष निघाला तोच इथे लावून पाहा. मादी हाक ओळखते, हाकेपलीकडे संतती चालत नाही, घराणी वेगळी पडतात. माणसांत असे काहीही घडत नाही; म्हणूनच तर जातिव्यवस्थेला रोटीबेटीचे निर्बंध दंडाच्या धाकाने पाळून घ्यावे लागले. निसर्गाने घातलेल्या कुंपणाला पहारेकरी लागत नाही. सुत्तनिपातातल्या वासेट्ठसुत्तात बुद्धांनी हेच नेमके सांगितले आहे: गवत, झाडे, किडे, साप, मासे, पक्षी यांच्यात जातीजातींची चिन्हे जन्माने वेगळी दिसतात, तशी माणसामाणसांत ती नाहीत. म्हणजे प्राण्यांच्या जातींचे नेमके ज्ञान हेच माणसांच्या जातीविरुद्धचे साधन म्हणून वापरले गेले आहे, तेही अडीच हजार वर्षांपूर्वी. रोह्याच्या दक्षिणेला, याच जिल्ह्यात, २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर जे घडवले त्याच्यामागे हीच विपरीत अवस्था होती. गुराढोरांना त्या पाण्याची बंदी नव्हती, काही माणसांना होती. जिथे भेद आहे तिथे तो न पाहणे आणि जिथे नाही तिथे तो लादणे, या दोन्ही चुका मूळच्या एकाच आळशी बुद्धीच्या आहेत.

माणसांचे एवढे प्रश्न असताना बेडकाची चिंता कशाला, असेही विचारले जाते. राब, वणवा, डोंगरउतारावरची तोड हे प्रश्न वाडीवस्तीवरच्या ठाकूर-कातकऱ्यांचेही आहेत. ज्या पाचोळ्यात बेडूक तगतो त्यातच पावसाचे पाणी मुरते. यापेक्षा अधिक उत्तराची गरज मला वाटत नाही.

शेवटचा आक्षेप अहिंसेचा, आणि त्याच्यापुढे माझे म्हणणे थोडे थबकते. जातीला नाव द्यायचे तर तिचा एक नमुना जतन करून संग्रहालयात ठेवायचा ही प्राणिशास्त्राची रीत आहे. तो नमुना म्हणजे मारलेला बेडूक. ज्ञाताधर्मकथा या जैन आगमात महावीरांच्या दर्शनाला निघालेला एक बेडूक घोड्याच्या टापेखाली सापडतो आणि मरताना व्रत घेऊन देवगतीला जातो. पाच इंद्रिये असलेला, व्रताचा अधिकारी असा जीव नावासाठी मारायचा, आणि वर तीच समदृष्टी म्हणायची? जाती वाचवण्यासाठी व्यक्ती मारणे याला धर्मशास्त्रातून सोपे समर्थन मिळणार नाही, आणि मी ते शोधणारही नाही. जाती हाक देत नाही, घाबरत नाही, मरताना तडफडत नाही. ते सारे व्यक्तीच्या वाट्याला येते. राओर्चेस्टिस हे नाव ज्यांच्या स्मरणार्थ आहे ते सी. आर. नारायण राव बंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजात शिकवत आणि करंट सायन्स या नियतकालिकाचे पहिले संपादक होते. १९३७ साली त्यांनी दक्षिणेतल्या अनेक नव्या बेडकांची वर्णने प्रसिद्ध केली. पुढे त्यांचे नमुने नाहीसे झाले. त्यामुळे त्यांनी वर्णिलेला बेडूक नेमका कोणता, हे ठरवायला नंतरच्या संशोधकांना पुन्हा त्याच डोंगरांत जाऊन पुन्हा बेडूक धरावे लागले. जपणूक झाली नाही म्हणून पहिले जीव व्यर्थ गेले आणि दुसरे घ्यावे लागले, हे मला मूळ हिंसेपेक्षाही अधिक सलते.

आज आवाजाचे ध्वनिमुद्रण करता येते, छायाचित्र इतके स्पष्ट येते की बोटावरच्या चकतीची रुंदी मोजता येते, आणि कातडीवर हळूच फिरवलेल्या कापसाच्या बोळ्यातून डीएनए मिळतो. तरीही नव्या जातीच्या पहिल्या वर्णनासाठी जतन केलेला नमुना मागितला जातो, आणि तो मागण्यामागचे कारण नारायण रावांच्या हरवलेल्या बाटल्यांनीच शिकवले आहे. मला वाटते, त्या एका वेळी तो घ्यावा, कमीत कमी घ्यावा, आणि ते ऋण आहे हे समजून घ्यावा. ज्या वर्णनात कवटीची मापे आहेत, पण तो बेडूक अंडी कोणत्या झुडपावर ठेवतो, कोणत्या महिन्यात हाक देतो, उन्हाळा कुठे काढतो हे नाही, ते वर्णन मला अपुरे वाटते. जीव घेऊन नाव दिले आणि राहण्याची जागा मात्र सांगितली नाही, तर फणसाडच्या अभयारण्यातल्या वनरक्षकाला किंवा पेणच्या डोंगरवाडीतल्या शेतकऱ्याला त्या नावाचा काय उपयोग? कोणता पाचोळा राबासाठी न्यायचा आणि कोणता झुडपाखाली तसाच राहू द्यायचा, वणव्याची जाळरेषा कुठून काढायची, हे त्यांनी ठरवायचे आहे, आणि ते पावसाच्या आधी ठरवायचे आहे.